केबलचा करार गावाने करावा की देशाने?

प्रश्न असा आहे: “मॅसॅच्युसेट्समधील आमच्या गावाच्या केबल सल्लागार समितीवर माझी नुकतीच नेमणूक झाली आहे. गावाचा केबल कंपनीशी असलेला करार तीन वर्षांनी संपतो आणि नूतनीकरणाचा पत्रव्यवहार सुरू झाला आहे. पहिल्याच बैठकीत एका सदस्याने विचारले, की प्रत्येक गावाने वेगळा करार करण्याचा हा खटाटोप कशासाठी? सबंध देशासाठी एकच परवाना का नसावा? मला उत्तर देता आले नाही. दोन्ही पद्धतींतला फरक आणि तुमचे मत सांगावे.”

या क्षेत्रात मी बावीस वर्षे काम करतो आहे. त्यांतली पहिली काही वर्षे कंपनीच्या बाजूने तारा टाकण्याच्या कामात गेली आणि पुढची सगळी नगरपालिकांच्या बाजूने करार वाचण्यात, लिहिण्यात आणि त्यांची अंमलबजावणी करून घेण्यात गेली. माझे मत आधीच सांगून टाकतो. नव्या कंपनीला धंद्यात उतरण्याची परवानगी राज्याने किंवा देशाने दिली, आणि ती ठरलेल्या मुदतीत दिली, तर माझी तक्रार नाही. मात्र ती कंपनी गावाच्या रस्त्यावर कशी वागेल हे ज्या कागदाने ठरते, त्या कागदावर गावाची सही असलीच पाहिजे आणि तो मोडला गेल्यास जाब विचारण्याचा अधिकारही गावाकडेच असला पाहिजे. हे दोन प्रश्न वेगळे असूनही गेली वीस वर्षे एकाच पिशवीत घालून मांडले जात आहेत, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

‘फ्रँचायझी’ म्हटले की आपल्याला खाद्यपदार्थांची साखळी दुकाने आठवतात. केबलच्या व्यवहारात या शब्दाचा अर्थ वेगळा आणि जुना आहे: सार्वजनिक रस्ता खासगी धंद्यासाठी वापरू देण्याची, अटींवर आणि मुदतीपुरती दिलेली परवानगी. अमेरिकेत केबल टीव्ही १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगनमधल्या, डोंगरांमुळे प्रक्षेपण न पोहोचणाऱ्या गावांत सुरू झाला. टेकडीवर उंच अँटेना उभारायचा आणि तिथून तारेने घरोघरी चित्र पोहोचवायचे, एवढाच तो उद्योग होता. ती तार गावाच्या खांबांवरून आणि रस्त्यांखालून जाणार होती, म्हणून परवानगी गावाकडे मागितली गेली. स्थानिक फ्रँचायझीचे मूळ हे इतके साधे आहे. उपग्रहावरून थेट घरी प्रक्षेपण करणाऱ्या कंपन्यांना अशी फ्रँचायझी लागत नाही, त्याचे कारणही हेच, की त्या कोणाच्याही रस्त्याला हात लावत नाहीत.

पुढे १९८४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केबल कायदा केला आणि या गावोगावच्या व्यवहाराला देशभर एक चौकट दिली. तुमच्या समितीतील सदस्याला पहिली गोष्ट हीच सांगा, की आजची पद्धत निव्वळ स्थानिक नाहीच. गाव कंपनीकडून जास्तीत जास्त किती शुल्क घेऊ शकते हे केंद्रीय कायद्याने ठरवले आहे: केबल सेवेपासून मिळणाऱ्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के. करार संपताना काय पाहायचे हेही त्याच कायद्यात आहे. कंपनीने आधीचा करार पाळला का, सेवेचा दर्जा कसा होता, पुढचे काम पेलण्याची तिची आर्थिक, कायदेशीर आणि तांत्रिक ऐपत आहे का, आणि तिचा नवा प्रस्ताव गावाच्या केबलविषयक भावी गरजा वाजवी खर्चात भागवतो का, या चारच कसोट्यांवर नूतनीकरण नाकारता येते. ‘आम्हाला ही कंपनी आवडत नाही’ हे कारण चालत नाही. १९९२ च्या कायद्याने एकाच कंपनीला मक्तेदारी देण्याचा गावाचा अधिकार काढून घेतला आणि दुसरी कंपनी आली तर तिला अवाजवी कारणाने नाकारता येणार नाही असे बजावले. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्या विधेयकावर नकाराधिकार वापरला होता, आणि त्यांच्या कारकिर्दीत काँग्रेसने झुगारून दिलेला तो एकमेव नकाराधिकार ठरला. केबलचे बिल हा लोकांच्या किती जिव्हाळ्याचा विषय होता, याची त्यावरून कल्पना यावी.

कोणत्या वाहिन्या दाखवायच्या हेही गावाच्या हाती नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपली मराठी मंडळी समितीवर आपला माणूस गेला की पहिली मागणी ‘मराठी वाहिनी आणा’ अशी करतात. कार्यक्रमांच्या व्यापक प्रकारांपलीकडे, एखाद्या नेमक्या वाहिनीचा आग्रह करारात धरता येत नाही. मात्र गावाच्या सार्वजनिक वाहिनीवर रहिवाशांना स्वतः तयार केलेला कार्यक्रम दाखवता येतो, मग तो मराठीत असो वा आणखी कोणत्या भाषेत. ती वाहिनी कुठून येते, तर याच स्थानिक करारातून. नागरिक, शाळा आणि गावाचा कारभार यांच्यासाठी राखीव वाहिन्या, त्यांच्यासाठी कॅमेरे, स्टुडिओ आणि जोडणी, हे सगळे गावाने मागायचे आणि करारात लिहून घ्यायचे असते. कायदा ते आपोआप देत नाही.

आता देशव्यापी परवान्याची मागणी आली कुठून ते पाहू. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने टेलिफोन कंपन्यांना टीव्हीच्या धंद्यात येण्याची वाट मोकळी केली. प्रत्यक्षात त्या आल्या २००५ च्या सुमारास. व्हेरायझन या टेलिफोन कंपनीने त्या वर्षी टेक्ससमधील केलर या गावात काचतंतूवरून, म्हणजे ऑप्टिकल फायबरवरून, टीव्ही सेवा सुरू केली. त्यांची अडचण खरी होती. देशात तेव्हा फ्रँचायझी देणाऱ्या स्थानिक संस्था तीस हजारांहून अधिक होत्या. प्रत्येकीशी वेगळी बोलणी, वेगळी सुनावणी आणि वेगळा वकील. काही ठिकाणी बोलणी वर्ष-दीड वर्ष रेंगाळत, काही ठिकाणी केबलशी सुतराम संबंध नसलेल्या मागण्या पुढे केल्या जात. शिवाय आधीची केबल कंपनी गावाला सांगे, की नव्याला आमच्यापेक्षा एक अटही कमी लावलीत तर आम्ही न्यायालयात जाऊ. स्पर्धेला होणाऱ्या या विलंबाची किंमत ग्राहक मोजत होता. मी गावांच्या बाजूचा माणूस असलो तरी त्या काळात काही नगरपालिकांनी स्वतःचे अधिकार फार सैल हाताने वापरले हे मान्य करतो. गावांनी वेळेची शिस्त पाळली असती तर पुढचे बरेच काही टळले असते.

त्या मागणीचे सर्वांत स्पष्ट रूप म्हणजे २००६ चे ‘कोप’ विधेयक. टेक्ससचे जो बार्टन आणि इलिनॉयचे बॉबी रश यांनी, म्हणजे दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी, ते पुढे नेले. एफसीसीकडे, म्हणजे केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे, एक अर्ज करायचा आणि दहा वर्षांसाठी देशभर चालणारी फ्रँचायझी घ्यायची, असा त्याचा गाभा होता. गावाचे ५ टक्के शुल्क शाबूत राहणार होते, सार्वजनिक वाहिन्यांसाठी आणखी १ टक्का मिळणार होता, रस्त्याच्या व्यवस्थापनाचा अधिकारही कागदावर गावाकडेच राहणार होता. ग्राहकसेवेचे नियम मात्र वॉशिंग्टनमध्ये ठरणार होते, आणि कंपनीने गावाचा कोणता भाग कधीपर्यंत जोडायचा हे ठरवण्याची गावाची ताकद संपणार होती. ८ जून २००६ रोजी प्रतिनिधीगृहाने ते ३२१ विरुद्ध १०१ मतांनी मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडले ते मुख्यतः इंटरनेटवरच्या समान वागणुकीच्या, म्हणजे नेट न्यूट्रॅलिटीच्या वादामुळे. त्या विषयावरची दुरुस्ती सिनेटच्या समितीत ११-११ अशा समसमान मतांनी पडली, आणि विधेयक सभागृहासमोर मतदानाला आलेच नाही. गावांच्या युक्तिवादाने देशव्यापी फ्रँचायझी हरली असे कोणी सांगितले तर ते पुरते खरे नाही. ती दुसऱ्याच भांडणात अडकून पडली.

पण जे वॉशिंग्टनमध्ये जमले नाही ते दोन बाजूंनी वेगळ्या मार्गाने साधले गेले. पहिली बाजू राज्यांची. टेक्ससने २००५ मध्येच राज्य-फ्रँचायझीचा, म्हणजे गावाऐवजी राज्यानेच परवानगी देण्याचा, कायदा केला. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीने २००६ मध्ये, तर फ्लोरिडा, ओहायो, इलिनॉय, विस्कॉन्सिन अशा राज्यांनी २००७ मध्ये आपापल्या पद्धतीने तीच वाट धरली. तुमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तसा कायदा झाला नाही. तिथे आजही गावाचे निवडलेले मंडळ किंवा शहराचा महापौर हाच परवाना देणारा असतो, म्हणून तर तुमच्या समितीला काम आहे. दुसरी बाजू एफसीसीची. डिसेंबर २००६ मध्ये आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी आदेश काढला, की रस्ता वापरण्याचा हक्क आधीपासून असलेल्या अर्जदाराचा, म्हणजे व्यवहारात टेलिफोन कंपनीचा, निर्णय ९० दिवसांत आणि इतरांचा सहा महिन्यांत झाला पाहिजे. स्थानिक माध्यमसंस्था आणि नगरपालिका न्यायालयात गेल्या, पण २००८ मध्ये सहाव्या सर्किटच्या, म्हणजे विभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने तो आदेश उचलून धरला.

माझ्या मते या ९० दिवसांच्या मुदतीने देशव्यापी परवान्याच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा निकाली निघाला. उशीर हीच तक्रार असेल तर त्यावर घड्याळ लावणे हा उपाय आहे, गावाला टेबलावरून उठवणे हा नव्हे.

गाव टेबलावर नसले की काय होते, याचे सांगण्यासारखे उदाहरण लॉस एंजेलिसचे आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्य-फ्रँचायझीच्या कायद्यात ५ टक्के शुल्क राहिले, सार्वजनिक वाहिन्यांच्या जागाही राहिल्या, पण नागरिकांसाठी स्टुडिओ चालवण्याची कंपनीवरची जबाबदारी राहिली नाही. २००९ उजाडताच त्या शहरातले सार्वजनिक स्टुडिओ बंद झाले. वाहिनीचा क्रमांक कायद्याने दिला, पण तिच्यावर बोलायला माणूस जिथे येत असे त्या खोलीला कुलूप लागले. कायदा करणाऱ्यांच्या मनात तसे असेल असे मला वाटत नाही. राज्याच्या राजधानीत बसून मसुदा लिहिताना स्टुडिओ ही एक ओळ असते, आणि ती ओळ गळली तरी तिथे कोणाच्या लक्षात येत नाही.

यापुढे जे सांगतो ते पुस्तकी नाही. करार कोणाच्या हाती असावा याबद्दलचे माझे मत मोठ्या तत्त्वांवरून बनलेले नाही, ते दोन लहान कामांतून बनले.

पहिले काम एका गावाच्या शुल्काच्या तपासणीचे. कंपनी दर तिमाहीला गावाला धनादेश आणि एक पानी तक्ता पाठवत असे. आकड्यांच्या बेरजेत चूक नव्हती. मी ग्राहकांच्या पत्त्यांची यादी मागितली. करारात हिशेब तपासण्याचे कलम असल्यामुळे ती द्यावी लागली. गावाच्या मालमत्ता-करदात्यांच्या यादीशी ती पडताळताना एक लांब रस्ता पूर्णपणे गायब दिसला. तो गावाच्या शिवेवरचा रस्ता होता. विषम क्रमांकांची घरे आमच्या गावात, सम क्रमांकांची शेजारच्या. पण पिनकोड दोन्ही बाजूंना शेजारच्या गावाचा. कंपनीच्या संगणकाने पिनकोडवरून गाव ठरवले आणि दोन्ही बाजूंचे शुल्क कित्येक वर्षे शेजारच्या गावाकडे जात राहिले. कोणी लबाडी केली नव्हती. पण ती चूक सापडली ती त्या रस्त्याची शीव माहीत असलेल्या नगरपालिकेच्या कारकून बाईंमुळे. त्यांनी यादीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “अहो, आमची माणसं कुठं आहेत यात?” देशभराच्या एकाच परवान्यात ही यादी कोण मागणार, आणि मागितली तरी तिच्यात काय नाही ते कोणाला दिसणार, हा प्रश्न मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरतो आहे.

दुसरे काम एका गल्लीचे. बहुतेक करारांत घनतेची अट असते: मैलाला अमुक इतकी घरे असतील तर कंपनीने स्वखर्चाने तार न्यायची, कमी असतील तर रहिवाशांनी खर्चात वाटा उचलायचा. त्या करारात हा आकडा वीस होता. गावाच्या टोकाला एका कच्च्या वळणानंतर तेरा घरे होती. कंपनीचे म्हणणे होते की अंतर ०.८ मैल आहे, म्हणजे मैलाला सोळा घरे, म्हणून खर्च रहिवाशांचा. आम्ही, म्हणजे गावाचा अभियंता आणि मी, एका थंड सकाळी मोजणीचे चाक घेऊन निघालो. शेवटच्या जोडलेल्या खांबापासून शेवटच्या घरापर्यंतचे अंतर भरले ०.६ मैल, म्हणजे मैलाला एकवीसहून अधिक घरे. दोन्ही मोजमापे आपापल्या परीने बरोबर होती. कंपनीने त्याहून मागे असलेल्या वर्धकापासून, म्हणजे तारेतला संकेत वाढवणाऱ्या यंत्रापासून, मोजणी सुरू केली होती, आणि करारात ‘कुठून मोजायचे’ हे लिहिलेच नव्हते. कलम सहा ओळींचे होते आणि हे चार शब्द राहून गेले होते. शेवटी तार गेली. पण त्यासाठी अकरा महिने आणि दोन सुनावण्या लागल्या, आणि तेवढा काळ एका घरातली मुलगी शाळेचा अभ्यास गावाच्या ग्रंथालयाच्या पायरीवर बसून करत होती. करार गावाचा होता म्हणून सुनावणी गावात झाली, आणि तिची आई कामावरून सुटल्यावर संध्याकाळी सात वाजता येऊन बोलू शकली. हीच तक्रार वॉशिंग्टनला पाठवायची असती तर ती बाई गेली नसती.

तुमच्या भागातला आणखी एक प्रश्न तुम्ही रोज पाहत असाल: जुन्या खांबाला खेटून उभा केलेला नवा खांब. वीज कंपनी नवा खांब रोवते आणि आपली तार हलवते, पण टेलिफोन आणि केबलच्या तारा जुन्याच खांबावर राहतात, त्यामुळे तो काढता येत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात यासाठी ९० दिवसांची मुदत आहे, तरीही असे जोडखांब वर्षानुवर्षे उभे असतात. केबल कंपनीला हे काम करायला लावण्याची तुमच्या गावाची खरी संधी नूतनीकरणाच्या वेळीच असते.

भारताशी तुलना केल्याशिवाय मराठी वाचकाला हा फरक पुरता जाणवणार नाही, म्हणून थोडे विषयांतर. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या आरंभी केबल आली ती गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून विजेच्या खांबावर. १९९५ च्या केंद्रीय कायद्याने केबलवाल्याची नोंदणी सक्तीची केली. ती करायची कुठे, तर टपाल खात्याच्या मुख्य कार्यालयात. परवानगी दिल्लीच्या कायद्याची, नोंद पोस्टातली, करमणूक कर राज्याचा आणि महाराष्ट्रात तो गोळा करणारे जिल्हाधिकारी कार्यालय. २०१७ पर्यंत हे असेच चालले, मग वस्तू आणि सेवा कर आला. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलले. आता स्थानिक केबलचालकाची नोंदणी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर होते, ती पाच वर्षे आणि सबंध भारतात चालते. म्हणजे ‘एक देश, एक परवाना’ हे भारतात प्रत्यक्षात आहे. या नोंदणीत नगरपालिकेला स्थान नाही. नोंदणी सोपी झाली हे चांगलेच आहे. पण रस्त्यावर डोक्याएवढ्या उंचीवर लोंबणाऱ्या तारांच्या जुडग्याबद्दल पुण्या-ठाण्यातल्या नागरिकाने कोणता करार दाखवून कोणाला विचारायचे? महापालिका अधूनमधून मोहीम काढून तारा कापते, केबलवाला दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बांधतो. दोघांमध्ये अटी-शर्तींचा कागदच नसल्यामुळे कापणे आणि बांधणे एवढाच त्यांचा संवाद उरतो. मी अमेरिकेतल्या स्थानिक कराराचा एवढा आग्रह धरतो त्याचे एक कारण मी लहानपणी पाहिलेल्या या तारा आहेत.

मात्र स्थानिक कराराची आजची खरी अडचण देशव्यापी परवान्याची नाही, आणि तुमच्या समितीने ती नीट समजून घेतली पाहिजे. ५ टक्के शुल्क लागते ते केबल सेवेच्या, म्हणजे टीव्हीच्या उत्पन्नावर. त्याच तारेतून जाणाऱ्या इंटरनेटच्या उत्पन्नावर ते लागत नाही, कारण एफसीसीने २००२ मध्ये केबलवरील इंटरनेट ही केबल सेवा नव्हे तर ‘माहिती सेवा’ ठरवली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रँड एक्स खटल्यात तो निर्णय उचलून धरला. लोक टीव्हीची जोडणी काढून टाकतात, इंटरनेट ठेवतात आणि सगळे त्यावरच पाहतात. तार तीच, खांब तोच, खणलेला रस्ता तोच, आणि गावाचे शुल्क मात्र दरवर्षी आटत जाते. काही शहरांनी नेटफ्लिक्स आणि हुलूसारख्या सेवांकडून फ्रँचायझी शुल्क मागून पाहिले. नेवाडातील रीनो, ओहायोतील मेपल हाइट्स अशा शहरांचे दावे २०२२ मध्ये न्यायालयांत टिकले नाहीत.

त्यात भर पडली एफसीसीच्या २०१९ च्या आदेशाची. शाळा-ग्रंथालयांना मोफत जोडणी, नगरपालिकेच्या इमारतींमधील जोडतारा अशा वस्तुरूप गोष्टी कंपनीकडून घेतल्यास त्यांची किंमत त्याच ५ टक्क्यांतून वजा होईल असे आयोगाने ठरवले. शहरे पुन्हा सहाव्या सर्किटकडे गेली. २०२१ च्या यूजीन शहराच्या खटल्यात न्यायालयाने मूळ तत्त्व मान्य केले, पण किंमत बाजारभावाने न लावता कंपनीला प्रत्यक्ष येणाऱ्या वाढीव खर्चाने लावावी असे बजावले. हा फरक लहान वाटतो, पण शाळेला दिलेल्या एका जोडणीचा कंपनीला येणारा वाढीव खर्च बाजारभावाच्या तुलनेत फारच थोडा असतो. तेव्हा कंपनीने तुमच्यासमोर वजावटीचा तक्ता ठेवला तर तो कोणत्या भावाने मांडला आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याचा अर्थ असा, की केंद्रीय परवाना नसतानाही केंद्राने स्थानिक कराराचा बराचसा आशय वरून ठरवून टाकला आहे. म्हणून तुमच्या सदस्याचा प्रश्न आजच्या परिस्थितीत मी वेगळा मांडेन. शुल्क कशावर घ्यायचे, हा प्रश्न खरोखर देशाने सोडवायचा आहे. रस्ता वापरणाऱ्या प्रत्येक तारेने रस्त्याचे भाडे द्यावे, मग तिच्यातून टीव्ही जावो की इंटरनेट, असा केंद्रीय कायदा झाला तर मी त्याचे स्वागत करीन. पण ते भाडे वसूल करणे, तार कुठवर गेली हे पाहणे, तक्रार ऐकणे आणि करार मोडल्यास दंड लावणे हे गावाचे काम आहे, आणि ते देशाला करता येणार नाही. त्याचे कारण देश नालायक आहे हे नव्हे. त्याच्या नकाशात ती कच्च्या वळणापलीकडची गल्ली नसते.

आता तुमच्या गावाच्या कामाविषयी. करार संपण्याआधीच्या छत्तिसाव्या महिन्यापासून तिसाव्या महिन्यापर्यंतचा काळ कायद्याने महत्त्वाचा ठरवला आहे. या काळात कंपनीने लेखी सूचना देऊन औपचारिक प्रक्रिया मागितली, तर गावाला सहा महिन्यांत ती सुरू करावी लागते. बहुतेक करार अखेरीस अनौपचारिक बोलण्यांतूनच होतात, पण औपचारिक मार्गाची तयारी असल्याशिवाय अनौपचारिक बोलण्यांना वजन येत नाही. म्हणून गावाच्या गरजांची पाहणी आताच सुरू करा. शाळेशी, ग्रंथालयाशी, अग्निशमन दलाशी आणि ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्राशी बोला आणि प्रत्येक बैठकीची टिपणे ठेवा. न्यायालयात टिकतात ती ही टिपणे. गावाच्या वाहिनीचे चित्र इतर वाहिन्यांइतके स्पष्ट आहे का, आणि कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव दिसते की नुसता क्रमांक, हेही पाहा. नव्या करारात हे मागता येते, पण आठवणीने मागावे लागते.

घनतेच्या कलमात मोजणी कोणत्या खांबापासून सुरू होते ते लिहून घ्या. हिशेब तपासण्याच्या कलमात पत्त्यांची यादी मागण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत घाला, आणि किमान मागच्या तीन वर्षांपर्यंत मागे जाण्याची सोय ठेवा. कंपनी दुसऱ्या कंपनीला विकली गेली तर जुनी देणी आणि जुनी वचने नव्या मालकावर बंधनकारक राहतील, हे वाक्य वकिलाकडून दोनदा वाचून घ्या.

आणि पुढच्या बैठकीआधी एक काम करा. गावाच्या अभियंत्याकडून शिवेवरच्या रस्त्यांचा नकाशा घ्या, कंपनीकडून त्या रस्त्यांपुरती पत्त्यांची यादी मागा, आणि ज्या सदस्याने हा प्रश्न विचारला त्याच्यासोबत बसून घरांचे क्रमांक एकेक करून ताडून पाहा.